सुलभकर्ता सांडू गव्हाणे

सांडू कडूबा गव्हाणे याला स्वतःचं नाव कधी आवडलं नाही. गंगापूर तालुक्यातल्या त्याच्या गावात प्रत्येक गल्लीत एखादा सांडू होता, तिथं त्या नावाचं कुणाला काही वाटत नव्हतं. पण वाळूजच्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागला तेव्हा टाइमकीपरनं नाव ऐकून पुन्हा एकदा विचारलं, आणि रांगेत मागं उभे असलेले दोघं हसले. त्या दिवसापासून त्यानं नाव आखडून घेतलं. एस. के. गव्हाणे. पुढं सुपरवायझर झाल्यावर तर नुसतं गव्हाणे साहेब. पुंडलिकनगरात घर बांधलं तेव्हा दारावरच्या पाटीवरही एस. के.च आलं, आणि शेजारची बिऱ्हाडं बरीच वर्षं त्याला शंकरराव समजत होती. त्यानं ती समजूत कधी मोडली नाही.

कारखाना दुचाकीच्या सीट बनवायचा. एका बाजूला साच्यातून फोम निघायचा, मध्ये बायका शिलाई मशीनवर रेक्झिनची कव्हरं शिवायच्या, आणि शेवटी टेबलावर ते कव्हर फोमवर ताणून स्टेपल गननं ठोकून बसवायचं. हा सगळा गलबला चालू असताना गव्हाणे साहेबांनी लाईनच्या या टोकाला दिलेली हाक त्या टोकाला पोचायची. सुपरवायझर तो त्या आवाजावरच झाला, हे त्याचे मित्रही मान्य करत. कामातलं त्याला फार कळायचं अशातला भाग नव्हता. पण कोण रिकामं उभं आहे हे त्याला पाठमोरं असतानाही कळायचं, आणि कळलं की तो ओरडायचा. लोकांनी त्याचं नाव भोंगा ठेवलं होतं. त्याला ते माहीत होतं आणि आतून बरंही वाटत होतं.

शॉपच्या मधोमध त्याची काचेची केबिन होती. केबिन म्हणजे काय, तर एक टेबल, एक पंखा आणि गादीची खुर्ची. पण त्या खुर्चीपर्यंत पोचायला त्याची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. रोज तो कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तिच्यात बसायचा आणि काचेतून लाईनीकडं बघायचा. घरी मात्र त्याच्या आवाजाचं काही चालत नसे. त्याची बायको आवडाबाई त्याच्या ओरडण्याकडं पंख्याच्या घरघरीसारखं बघायची. चालू आहे तर असू द्या.

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हा कारखान्यात बद्रीनाथ काबरा नावाचे नवे मॅनेजर आले. मूळचे जालन्याच्या मोंढ्यातले, शिकलेले पुण्यात, बोलायला गोड आणि उत्साहानं भरलेले. ते कुठल्याशा मोठ्या हॉटेलातलं शिबिर करून आले आणि आल्या आल्या त्यांनी सगळ्या लोकांना कँटीनमध्ये जमवलं. सोमवारपासून आपल्याकडं सुपरवायझर हा प्रकार राहणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. लाईनवरच्या लोकांचा एक गट असेल. कुणी कुठं बसायचं, रजा कुणी कधी घ्यायची, आजचा माल कसा काढायचा, चुकलं तर काय करायचं, हे सगळं गट स्वतः ठरवेल. कुणी कुणाला हुकूम सोडायचा नाही. कुणी कुणाला साहेब म्हणायचं नाही. याला स्वयंनिर्देशित गट म्हणतात आणि जगात सगळीकडं आता हेच चाललंय.

स्टेपल टेबलावरचा बन्सी हळूच उभा राहिला. तो कधी फार बोलत नसे, पण त्याला एक शंका होती.

“साहेब, ज्याला सोताहून काय ठरवायचंच नाय, त्यानं काय करायचं?”

“तसं चालणार नाही,” काबरा हसत म्हणाले. “स्वतः ठरवणं सगळ्यांना सक्तीचं आहे.”

बन्सी खाली बसला. एवढं मोकळं वातावरण त्यानं आजवर पाहिलं नव्हतं, पण बसावं असं त्याला वाटलं.

सोमवारी गव्हाणे कामावर आला तेव्हा केबिनीच्या काचा उतरवून भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या आणि खुर्ची कुणीतरी अकाउंट्समध्ये नेली होती. त्याला एक नवा बिल्ला मिळाला. त्यावर ठळक अक्षरात ‘सांडू’ असं लिहिलं होतं आणि खाली ‘सुलभकर्ता’. गटाचं काम सुलभ करून देणारा तो सुलभकर्ता, असं काबरांनी समजावून सांगितलं. त्यानं सांगायचं नाही, फक्त विचारायचं. तुम्हाला काय वाटतं, एवढंच.

स्टेपल टेबलावर बन्सीच्या शेजारी हबीब होता, जिन्सीतला, तोंडानं फटकळ. त्यानं बिल्ला नीट वाचला आणि मान हलवली. “अण्णा, ये तो एसटी स्टँडवाला सुलभ हो गया,” तो म्हणाला. दुपारपर्यंत हे शॉपभर झालं.

नावानं हाक मारायचा नियमही तसाच गळ्यात आला. वयानं मोठ्या माणसाला नुसतं सांडू कुणाला म्हणवेना. अखेर बहुतेकांनी सांडूअण्णा म्हणून वेळ मारून नेली. सगळ्यात वाईट अवस्था वच्छलाबाईंची झाली. त्या फोमला गोंद लावायच्या, लाईनवर सगळ्यात वडीलधाऱ्या, आणि त्यांच्या सासऱ्यांचं नाव सांडूच होतं. सासऱ्यांना जाऊन जमाना झाला तरी ते नाव त्यांच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. नियम मोडल्याबद्दल काबरांनी एकदा त्यांना प्रेमानं समज दिली. तेव्हापासून त्या ‘अहो, ते उभेत ते’ असं म्हणू लागल्या.

गव्हाणे मनातून खदखदत होता. त्याला स्वच्छ दिसत होतं की हे आठ-पंधरा दिवसांत कोसळणार, आणि मग काबरा साहेब स्वतः खुर्ची उचलून परत आणून देणार. लाईनीवर सुरुवातीला झालंही तसंच. चहाला आधी शिलाईवाल्यांनी जायचं की फोमवाल्यांनी, यावर पहिली बैठक संपली. ईदची रजा आणि संक्रांतीची रजा एकमेकींच्या अंगावर आल्या, त्यावर दुसरी. दर वेळी सगळे जण सवयीनं त्याच्या तोंडाकडं बघत. तो म्हणायचा, “तुम्हाला काय वाटतं?” आणि छताकडं बघत उभा राहायचा. त्याला त्यात गोडी वाटू लागली होती.

मग ते पट्ट्याचं प्रकरण झालं. गिऱ्हाईक कंपनीनं मोटारसायकलचं नवं मॉडेल काढलं होतं. त्याच्या सीटवर मागं बसणाऱ्याला धरायला आडवा पट्टा होता. पहिल्याच दिवशी शिलाईकडून जुन्या मॉडेलची, बिनपट्ट्याची कव्हरं पुढं आली आणि टेबलावर ती तशीच ठोकली जाऊ लागली. पट्ट्यांचं खोकं भिंतीशी तसंच बंद पडून होतं. गव्हाणेनं ते येता येता पाहिलं. त्याच्या छातीत हवा भरली, हाक ओठांपर्यंत आली, आणि तिथं त्याला आठवलं की आपण आता सुलभकर्ता आहोत. त्यानं हवा सोडून दिली.

“समदं बरोबर चाललंय ना?” त्यानं शांतपणे विचारलं.

“हौ, एकदम बराबर,” हबीब म्हणाला.

“तुम्हाला तसं वाटतं ना?”

“हौ.”

गव्हाणे बाहेर गेला आणि कॉम्प्रेसरच्या शेडमागं कडुलिंबाखाली जाऊन बसला. इतकं निवांत त्याला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. संध्याकाळी ट्रक भरून गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाईकाच्या गेटवरून तसाच परत आला.

काबरा धावत शॉपमध्ये आले. सगळ्या सीट उतरवून घेतल्या होत्या, आणि लोक त्यांच्याभोवती मान खाली घालून उभे होते. काबरांनी आधी गटाला विचारलं, मग गव्हाणेकडं वळले. तुम्ही तिथं होता, तुम्हाला हे दिसलं नाही का, असं त्यांनी विचारलं.

“दिसलं,” गव्हाणे म्हणाला. हे बोलण्यासाठी तो रात्रभर तयार झाला होता. “पण निर्णय गटाचा असतो. मी सांगायचं नाही, असा तुमचाच नियम आहे.”

आता काबरा भडकतील, मग ओशाळतील, आणि मग खुर्ची येईल, असा त्याचा हिशोब होता. काबरा त्याच्याकडं बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग निघून गेला आणि तिथं भलतंच काही येऊ लागलं. त्यांनी पुढं होऊन गव्हाणेचा हात हातात घेतला. शिबिरात हेच सांगितलं होतं, ते म्हणाले. चूक डोळ्यांसमोर होत असताना गप्प बसणं ही सुलभकर्त्याची सगळ्यात मोठी कसोटी, आणि हजारात एखाद्याला ते जमतं. सगळ्यांसमोर त्यांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. ज्यांना सीट पुन्हा उसवायच्या होत्या त्यांनाही टाळ्या वाजवाव्या लागल्या.

तो दिवस गटानं उसवण्यात आणि पुन्हा ठोकण्यात घालवला. शिलाईवर रईसा नावाची बाई होती. माहेर खुलताबादचं, वडील दर्ग्यावर चढवायच्या चादरींना जरीचा काठ लावायचे, त्यांच्याच हाताखाली ती शिवायला शिकली होती. ती बोलायची कमी, पण बोलली की लोक थांबायचे. काम आटोपल्यावर तिनं सगळ्यांना टेबलाशी बोलावलं आणि विचारलं की कव्हर चुकीचं आहे हे टेबलावर पहिल्यांदा कुणाला कळायला हवं होतं. बन्सी म्हणाला, मला. तिनं विचारलं, मग बोलला का नाहीस. बन्सी म्हणाला, मला वाटलं अण्णा बघतात. हबीबही तेच म्हणाला. सगळ्यांना तसंच वाटलं होतं. त्यावरून ठरलं की ज्याच्या हातात माल येईल त्यानं आधीच्याचं काम बघूनच तो घ्यायचा, आवडलं नाही तर परत द्यायचा, आणि परत दिल्याचा राग धरायचा नाही. शेवटच्या कलमाला थोडा वेळ लागला. पण लाईन त्या दिवसापासून चालायला लागली, आणि बैठकीत गव्हाणेला कुणी काही विचारलं नाही.

कंपनीची बस निघायच्या वेळी रईसा त्याच्याशेजारी उभी होती. “अण्णा, तुम्ही बघितलं होतं,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. गव्हाणे बसमध्ये चढला. नगर नाका येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत राहिला, आणि छावणीपाशी बस थांबली तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की आज बसमध्ये आपल्याशेजारी कुणी बसलेलं नाही.

यानंतर लाईन जसजशी सुधारत गेली तसतसा काबरांच्या मते गव्हाणे मोठा होत गेला. परत येणारा माल जवळजवळ थांबला. रजेची भांडणं मिटली; ईदला हबीब आणि रईसाचं काम बाकीचे उचलायचे, संक्रांतीला ते दोघं बाकीच्यांचं. काबरा पाहुण्यांना घेऊन यायचे, लाईन दाखवायचे आणि मग एका कोपऱ्यात हात मागं बांधून उभ्या असलेल्या गव्हाणेकडं बोट करायचे. बघा, हा माणूस काहीच करत नाही. पाहुणे कौतुकानं बघायचे. गव्हाणेला आधी हे टोचलं. मग सवय झाली. आणि मग, खरं सांगायचं तर, त्याला वाटायलाही लागलं की आपल्यात काहीतरी असलं पाहिजे.

उन्हाळ्यात त्याला कंपनीच्या पुण्याच्या मुख्य कार्यालयात भाषणाला बोलावलं. विषय होता, गट स्वतःच्या पायावर कसा उभा करावा. गव्हाणेनं वही घेतली आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी गच्चीवर जाऊन बसला. तिथं आवडाबाई आणि गल्लीतल्या बायका कुरडया घालत होत्या. खाली चीक शिजत होता, एक जण पातेलं वर आणत होती, एक सोऱ्या दाबत होती, एक प्लास्टिकच्या कागदावर जागा करत होती. सोऱ्या दाबणारीचे हात भरून आले की दुसरी काही न बोलता तो तिच्या हातातून घ्यायची. बोलणं चालू होतं ते कुणाच्या तरी नणंदेबद्दल. गव्हाणे बराच वेळ बघत राहिला.

“तुमच्यात मुख्य कोण?” त्यानं बायकोला विचारलं.

“कशाची मुख्य?” आवडाबाई म्हणाली. “कुरडया घालायच्यात.”

तेवढ्यात शेजारच्या लक्ष्मीबाईंनी त्याला जरा बाजूला व्हायला सांगितलं. त्याची सावली कुरडयांवर पडत होती.

पुण्याला त्यानं हेच सांगितलं. गप्प राहण्याचं महत्त्व यावर तो माईक न घेता खणखणीत आवाजात बोलला. मागच्या रांगेतल्यांनाही शब्दन् शब्द ऐकू गेला. पट्ट्याचं प्रकरण त्यानं काबरांनी रंगवलं तसंच सांगितलं, फक्त ते सांगताना त्याला मध्येच पाणी प्यावं लागलं. कुरडयांचा भाग आला तेव्हा लोक भराभर लिहून घेत होते. ही पद्धत कुठली, असं एकानं विचारलं. गव्हाणे म्हणाला, पुंडलिकनगर. तेही लिहून घेतलं गेलं. नंतर बरीच वर्षं त्या कार्यालयात पुंडलिकनगर पद्धत म्हणून काहीतरी शिकवत असत म्हणे.

परत आल्यावर मात्र त्याला कोपऱ्यात हात मागं बांधून उभं राहवेना. काय करावं तेही कळेना. एकदा रेक्झिनचे रोल आले नाहीत म्हणून मशीनं थांबली होती, आणि स्टोअरचा माणूस उद्या बघू म्हणत होता. रईसा त्याच्याकडं आली आणि म्हणाली, “अण्णा, तुम्ही स्टोअरमध्ये जाऊन जरा बोलता का, तुमच्या पद्धतीनं?” गव्हाणे गेला. त्याचा आवाज शॉपमध्ये बसल्या जागी ऐकू आला, आणि थोड्याच वेळात तो स्वतः खांद्यावर रोल घेऊन परत आला. तेव्हापासून गटानं त्याला भांडायला पाठवायला सुरुवात केली. कँटीनच्या पातळ वरणासाठी, बसच्या गळक्या टपासाठी, बंद पडलेल्या पंख्यासाठी. बैठकीत ठरायचं आणि त्याला सांगायचे. इतकी वर्षं तो हुकूम सोडत आला होता. हुकूम घेणं त्यानं इतक्या सहज कसं पत्करलं याचं त्याला स्वतःलाच नवल वाटायचं. हबीब पुन्हा बसमध्ये त्याच्याशेजारी बसायला लागला.

मग मंदी आली. सीटची मागणी घटली, आणि वरून हुकूम आला की प्रत्येक गटातून एक माणूस कमी करायचा. काबरांनी गव्हाणेला ऑफिसात बोलावून चहा पाजला.

“हे आपण ठरवायचं नाही, गव्हाणे,” ते म्हणाले. “नाव गटानं दिलं पाहिजे. त्यांच्या तोंडून आलं पाहिजे.”

“आन् नाय आलं तर?”

“येईल. तुम्ही फक्त प्रश्न विचारा. कुणाचा हात मंदावलाय, कुणाचं वय झालंय. पुढचं ते स्वतः ठरवतील. हीच तर खरी स्वायत्तता.”

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच होतं. वच्छलाबाईंच्या बोटांची पेरं सुजलेली असायची, आणि थंडीत त्यांच्यापाशी फोमची थप्पी लागायची. घरात त्यांच्याशिवाय मिळवतं कुणी नव्हतं. गव्हाणेनं चहा संपवला. विचारतो, म्हणाला.

बैठक टेबलाभोवती झाली. त्यानं वरचा हुकूम सांगितला, आणि नाव गटानंच द्यायचं आहे हेही सांगितलं. मशीनं बंद होती. हबीब स्टेपलची पिन वाकडी-सरळ करत बसला होता. आता प्रश्न विचारायची वेळ होती, आणि गव्हाणेच्या तोंडातून प्रश्न निघत नव्हता.

शेवटी रईसानंच विचारलं. “जिसके बगैर लाईन चलती, त्याचं नाव द्यायचं. असंच ना, अण्णा?”

“व्हय,” गव्हाणे म्हणाला, “तसंच.”

आणि म्हणता म्हणता त्याला दिसलं. पुण्यात माईकशिवाय त्यानं स्वतःच सांगितलं होतं की ज्याच्यावाचून गट चालतो तोच खरा सुलभकर्ता. त्यानं वर पाहिलं तर सगळे टेबलाकडं बघत होते. ते त्याच्याआधी तिथं पोचले होते, पण म्हणायला कुणी तयार नव्हतं.

तेवढ्यात वच्छलाबाई पदर सावरत उठल्या. “माझं लिवा बाप्पा,” त्या म्हणाल्या. “माझंच काम मागं पडतंय, मला काय दिसत नाय का?”

“खाली बसा, वच्छलाबाई.”

तो आवाज इतक्या दिवसांत शॉपनं ऐकला नव्हता. पलीकडच्या लाईनवरची माणसंही वळून बघायला लागली. वच्छलाबाई मटकन बसल्या. गव्हाणेनं घसा साफ केला आणि हळू आवाजात म्हणाला, “सांडू गव्हाणेचं नाव लिवा. मी ठरवलंय.”

हबीबनं मान हलवली. “अण्णा, अकेले का डिसीजन नहीं चलता. गटानं ठरवावं लागतं. तुमीच शिकवलं.”

मग रीतसर हात वर करायचं ठरलं. गव्हाणेला वाटलं होतं, थोडी चुळबुळ होईल, एखादा नको म्हणेल, कुणाचे तरी डोळे पाणावतील. सगळे हात एकदम वर गेले. वच्छलाबाईंचा सगळ्यात आधी. हे त्याच्या जिव्हारी लागलं, आणि पुढं कितीतरी दिवस झोपताना ते हात त्याला दिसायचे.

पण बैठक संपली नव्हती. बन्सीनं सांगितलं की त्याला एसटीत कंडक्टरची नेमणूक आलीय आणि तो महिनाअखेर जाणार आहे; गटाला सोडून जायचं म्हणून इतके दिवस बोलायला जीभ रेटत नव्हती. रईसानं लगेच जुळवून दाखवलं. कंपनीला एक माणूस कमी हवा, तो बन्सी. सुलभकर्ता हे पद आत्ताच गेलं. आणि बन्सी गेल्यावर स्टेपल टेबलावर एक जागा रिकामी होते. सांडूअण्णांना स्टेपल गन येते का, एवढंच विचारायचं राहिलं.

“सुरुवात तिथंच केली व्हती,” गव्हाणे म्हणाला.

काबरांना हे कळलं तेव्हा ते आधी खट्टू झाले. त्यांना वेगळं नाव हवं होतं. पण गटानं दिलेलं नाव नाकारायचं तर मग गट कसला. एक माणूस कमी झाला होता, वरचा हुकूम पाळला गेला होता. विचार करता करता त्यांचा चेहरा उजळला. स्वतःलाच विसर्जित करणारा देशातला बहुधा पहिला सुलभकर्ता आपल्या कारखान्यात निघाला, असं त्यांनी पुण्याला कळवलं. वर्षाच्या आत त्यांची बढती होऊन ते तिकडं गेले.

गव्हाणे निळ्या गणवेशात टेबलावर उभा राहू लागला. पहिल्या आठवड्यात त्याचे खांदे इतके भरून आले की जेवताना घास तोंडाशी नेववत नव्हता. ज्या हबीबवर त्यानं उभ्या जन्मात सगळ्यात जास्त आरडाओरडा केला होता तो त्याला कव्हर कसं ताणायचं ते दाखवायचा, आणि चुकलं की काही न बोलता सीट परत द्यायचा. ठरल्याप्रमाणे राग धरायचा नव्हता. आवडाबाईला त्यानं सगळी हकीकत सांगितली तेव्हा तिनं ती ऐकून घेतली आणि आता पांढऱ्या शर्टांना नीळ द्यायला नको, एवढंच म्हणाली.

काबरांच्या जागी जे साहेब आले ते शिस्तीचे होते. स्वयंनिर्देशित वगैरे सगळं जुनं झालं, असं त्यांचं मत होतं. लोकांना मोकळं सोडलं की ते सोकावतात. बैठका बंद झाल्या. भिंतीला टेकवलेल्या काचा पुसून पुन्हा बसवल्या गेल्या. लाईनीला एक करडा, अनुभवी सुपरवायझर हवा म्हणून साहेबांनी चौकशी केली, आणि एकेकाळी ज्याचा आवाज गेटपर्यंत जायचा तो माणूस स्टेपल ठोकतोय हे कळल्यावर त्यांना काबरांची कीव आली. त्यांनी गव्हाणेला बोलावून जुनी खुर्ची देऊ केली.

ज्या घडीची त्यानं इतकी वाट पाहिली होती ती ही. गव्हाणे म्हणाला, उद्या सांगतो.

डबे खाताना त्यानं ते लाईनीत सांगितलं. बैठकीला बंदी होती, जेवायला नव्हती. रईसानं पोळीचा तुकडा मोडता मोडता विचारलं की अण्णा नाही म्हणाले तर त्या खुर्चीत कोण येईल. कुणीतरी बाहेरचा येईल, हबीब म्हणाला, आणि तो खरंच ओरडेल. यावर सगळ्यांचं एकमत झालं. अण्णांनी जावं, खुर्चीत बसावं, स्टोअरशी आणि कँटीनशी भांडावं, आणि लाईनीचं लाईन बघेल. साहेब फेरीला आले की मात्र जोरात ओरडावं. कुणावर ओरडायचं यावर थोडी चर्चा झाली, कारण उगाच एकाच माणसाच्या वाट्याला यायला नको. मग नंबर लावले. वच्छलाबाईंचं वय बघून त्यांना वगळलं होतं, ते त्यांना आवडलं नाही.

“आमचा नंबर का नाय?” त्या म्हणाल्या. “ते उभे ऱ्हातेत ते आमच्यावर वरडले तर काय बिघडतंय?”

तसं मग पुष्कळ वर्षं चाललं. साहेब दाराशी दिसले की रईसा मशीनवरचा पाय थांबवून मान वळवायची, आणि काचेमागून गव्हाणे साहेबांचा आवाज उठायचा. हात चालवा, लक्ष कुठंय, घरी बसायचंय का. ज्याचा नंबर असेल तो मान खाली घालायचा. वच्छलाबाई पदर तोंडात धरून खाली बघायच्या. हसू आवरायला त्यांना तेवढंच सुचायचं. साहेब समाधानानं पुढं जायचे. माणसाला धाक हवा, असं ते दुसऱ्या खात्यांना सांगत आणि उदाहरण म्हणून ही लाईन दाखवत. बिल्ला बदलून मिळाला तेव्हा त्यावर काय लिहायचं, असं कार्यालयातल्या माणसानं विचारलं. सांडूच राहू द्या, गव्हाणे म्हणाला.

निवृत्तीच्या आधी काही दिवस साहेबांनी त्याला आदरानं बसवून घेतलं. तुमच्यानंतर एवढ्या दराऱ्याचा माणूस या खुर्चीत कोण बसेल, तुम्हाला काय वाटतं, असं त्यांनी विचारलं.

“विचारून सांगतो,” सांडू गव्हाणे म्हणाला.

साहेबांना वाटलं, हा घरी बायकोला विचारणार. दुसऱ्या दिवशी त्यानं येऊन हबीबचं नाव दिलं. एवढा फटकळ माणूस म्हणजे कडक असणार, हे साहेबांना लगेच पटलं. हबीबचे गुडघे अलीकडं फार दुखायला लागले होते, आणि आख्ख्या शॉपमध्ये बसायला खुर्ची तेवढीच होती.